चुलीत गेलेलं जहाज

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यानंतर वर्षभराने कोरेगावच्या आत्याने त्यांच्या दुकानातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. "तुझाच हाय त्यो. तूच भरला हुतास," एवढंच म्हणाली. डबा उघडला तर आत काडेपेट्यांचे छाप. शाळेच्या प्रत्येक उन्हाळी सुट्टीत मी कोरेगावला असायचो. मामांच्या किराणा दुकानात पुडे सुटत, गिऱ्हाइकांनी रिकाम्या पेट्या टाकलेल्या असत, आणि त्यांवरचे छाप सोडवून मी या डब्यात ठेवत असे. पुढे कॉलेज, नोकरी, आणि मी डबा विसरलो.

त्या रात्री माडीवर सतरंजी पसरून छाप लावायला बसलो. देवांचे वेगळे, प्राण्यांचे वेगळे, फळाफुलांचे, नटनट्यांचे, पुढाऱ्यांचे वेगळे. सगळ्यांत मोठी चळत देवांची झाली. लक्ष्मी, सरस्वती, बाळकृष्ण, मारुती, गणपती तर किती तरी. आणि जहाज फक्त दोन, त्यातलं एक अर्धं फाटलेलं.

हे काही मला उमगेना. मामांच्या दुकानात खपायची ती जहाजच. 'जहाज द्या', 'घोडा द्या' असंच माणसं म्हणायची. काडेपेटी हा शब्दसुद्धा वापरायची नाहीत. ज्या मालाचे पुड्यावर पुडे माझ्या डोळ्यांदेखत सुटले त्याचे दोनच छाप उरावेत, आणि कधीमधी येणाऱ्या लक्ष्मीचे इतके? त्या फाटक्या जहाजाने मला या कागदाच्या मागे लावलं. तेव्हापासून मी छाप जमवतो आणि त्यांची घराणी शोधत जातो.

घराणं शोधायचं तर पेटीच्याही आधी जावं लागतं. काडेपेटी येण्यापूर्वी घरात विस्तव राखून ठेवायचा. रात्री निखारा राखेत पुरायचा, सकाळी फुंकून जागा करायचा, आणि विझलाच तर शेजारणीकडे शेणकुटावर विस्तव मागायला जायचं. रानात, वाटेवर असलेल्या माणसाच्या चंचीत चकमक आणि कापूस असे. मराठीत दोन घरांचं बिनसलं की 'त्यांच्यात विस्तव जात नाही' म्हणतात. तो वाक्प्रचार या व्यवहारातूनच आला. ज्या घराशी विस्तवाची देवघेवसुद्धा उरली नाही, ते घर पुरतं तुटलं. काडेपेटीने ही देवघेव संपवली, वाक्प्रचार राहिला.

घासून पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकर या औषधविक्याने १८२६-२७च्या सुमारास केली. ती कशावरही घासली तरी पेटायची आणि कधी कधी नको तिथे पेटायची. पुढे तिच्या गुलात पांढरा फॉस्फरस आला. कारखान्यात काम करणाऱ्यांचे जबडे त्याने कुजत. स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४मध्ये ज्वालाग्राही मसाला दोन ठिकाणी वाटून टाकला : काही काडीच्या टोकाला, काही पेटीच्या बाजूला. ही सुरक्षित काडी. तिचा मोठा कारखाना लुंडस्ट्रॉम बंधूंनी योनशोपिंग गावात चालवला, आणि तिथून पेट्या बोटींत भरून जगभर निघाल्या. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या हिंदुस्थानात १९१३च्या कायद्याने बंद झाल्या.

पेटीची बाजू मसाल्याला गेली, मग वरचा चेहरा मोकळा राहिला. तिथे नाव लिहून काय उपयोग? घेणाऱ्याला वाचता येत नव्हतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, १९५१च्या जनगणनेत देशातलं साक्षरतेचं प्रमाण १८ टक्क्यांच्या थोडं वर होतं. त्याच्या पन्नास-साठ वर्षं आधी काय असेल याचा अंदाज कुणीही करावा. म्हणून नावाच्या जागी चित्र आलं. घोडा, हत्ती, वाघ, जहाज. मालाची खूण, दर्जाची हमी आणि मागण्याचा शब्द, ही तिन्ही कामं त्या दीड-दोन इंची कागदाने केली. आपण त्याला छाप म्हणालो. इंग्रजी लेबलपेक्षा हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण त्यात छापणंही आलं आणि मनावर उमटणंही.

विलायती कारखानदारांना हे लवकर समजलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडन आणि ऑस्ट्रियाचे कारखाने हिंदुस्थानसाठी म्हणून वेगळे छाप काढू लागले. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल येईना तेव्हा ती जागा जपानने घेतली. तिथल्या कारागिरांनीही हत्ती, मोर आणि आपले देव काढले. कधी कधी देवाचा चेहराच जपानी झालेला दिसतो : डोळे बारीक, साडीच्या निऱ्या किमोनोसारख्या. असा छाप हाती आला की मी बराच वेळ सोडत नाही. ज्याने आपली लक्ष्मी कधी पाहिली नाही, त्याने ती नुसत्या नमुन्यावरून मनापासून काढली आहे.

नमुना कुठून आला? त्याचं उत्तर आपल्याच घाटावर आहे. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा सुरू झाली आणि रामपंचायतनासारखी शिळाछापाची चित्रं मराठी घरांच्या भिंतींवर गेली. १८९४मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईजवळ घाटकोपरला छापखाना काढला; तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. रविवर्म्यांची लक्ष्मी आणि सरस्वती तिथून घरोघर पोचल्या आणि तिथूनच साबणाच्या वेष्टनांवर, औषधांच्या जाहिरातींवर आणि काडेपेट्यांवरही उतरल्या. मळवलीच्या दगडावर उठलेली लक्ष्मी परदेशी पेटीवर बसून, समुद्र ओलांडून, कोरेगावच्या पेठेत परत आली असं म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे. छापांचा मागोवा घेताना मला सगळ्यांत जास्त आनंद या प्रवासाचा होतो.

कोरेगावपर्यंत ती आणली रेल्वेने. पुणे-मिरज हा रस्ता १८९०च्या सुमाराला पुरा झाला; वाठार, सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर अशी ठाणी लागत. १९७१मध्ये रूळ रुंद होईपर्यंत ती मीटरगेजची गाडी होती. या एका रुळाच्या कडेने पाहिलं तर आपला सगळा स्वदेशीचा इतिहास उभा आहे. खाली किर्लोस्करवाडीला १९१०पासून नांगर. कऱ्हाडाजवळ ओगलेवाडीला काचकारखाना आणि त्याचा प्रभाकर कंदील. कोरेगाव तालुक्यातच सातारा रोडला धनजीशा कूपरांचा नांगर-इंजिनांचा कारखाना. कंदील आपला झाला होता. तो पेटवायची काडी मात्र कित्येक वर्षं परक्याची राहिली.

ती इथे करायला भाग पाडलं कराने. १९२२मध्ये सरकारने आयात काडेपेट्यांवरची जकात ग्रोसमागे, म्हणजे १४४ पेट्यांमागे, दीड रुपयावर नेली. मालाच्या किमतीपेक्षा जकात जड झाली. तेव्हा स्वीडिश कंपनीने पेट्या पाठवायच्या सोडून कारखानाच इकडे आणला. १९२३मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा मोठा कारखाना उभा राहिला. या स्वीडिश साम्राज्याचा धनी ईव्हार क्रूगर. जगभरातल्या सरकारांना कर्जं देऊन त्या बदल्यात काडेपेटीचा मक्ता मिळवणारा माणूस. १९३२मध्ये पॅरिसला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि मागे घोटाळ्यांचा डोंगर निघाला. अंबरनाथचा कारखाना चालूच राहिला. जहाज तिथलं. घोड्याचं तोंड तिथलं. तलवार उपसून चित्त्याशी लढणारा माणूस, तोही विमकोचाच.

योगायोग असा की त्याच १९२३मध्ये तमिळनाडूतल्या शिवकाशीच्या दोन नाडर भावंडांनी कलकत्त्याला जाऊन काडेपेटी करायची कला शिकून आणली आणि दुष्काळी गावात हाताने पेट्या भरायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या छापांची दोन घराणी एकाच वर्षी जन्मली. एक यंत्राचं, परदेशी भांडवलाचं, मोजक्या आणि वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या छापांचं. दुसरं हाताचं, शेकडो छोट्या कारखान्यांचं आणि रोज नव्या चित्राचं. छोट्यांना कर कमी होता, म्हणून ते टिकले आणि वाढले. इतके छाप लागायचे की त्यांच्यासाठी गावात छापखाने निघाले, आणि शिवकाशी पुढे कॅलेंडरं आणि वह्यांची वेष्टनं छापणारं मोठं केंद्र झालं. मूळ गरज या दीड इंची कागदाची होती.

१९३४मध्ये देशी काडेपेटीवरही अबकारी कर आला. कर भरल्याची कागदी पट्टी पेटीला चिकटवलेली असे. जुन्या छापावर कधी कधी ती पट्टी आडवी राहिलेली सापडते. बरेच संग्राहक ती काढून टाकतात, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. माझी कळकळीची विनंती आहे, काढू नका. चित्र हजार ठिकाणी मिळेल. ते कधीचं, हे सांगणारा साक्षीदार ती पट्टीच आहे.

चित्र वाचायची ही सवय आपल्या लोकांना पुढे फार मोठ्या कामी आली. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. बैलजोडी, झोपडी, असं काहीतरी. कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते चित्र पाहून ठरवायचं. त्या मतदाराला यात काही नवं वाटलं नसेल. दुकानातल्या पेटीवरचं चित्र ओळखून माल घेत तो म्हातारा झाला होता. लोकशाहीचं पहिलं साक्षरतेचं पुस्तक म्हणून मी घोडा छाप आणि जहाज छाप यांचंच नाव घेईन.

आम्हा पोरांचं पुस्तकही तेच होतं, फक्त आम्ही त्यावर जुगार खेळायचो. मातीत रिंगण आखायचं, प्रत्येकाने आपले छाप मध्ये लावायचे, आणि ठरलेल्या रेषेवरून चपटा दगड मारून जेवढे बाहेर जातील तेवढे आपले. छापाचा भाव आम्हीच ठरवायचो. जे रोज मिळतं त्याला किंमत शून्य. जहाज कुणी रिंगणात लावूच देत नसे. 'ते नको, दुसरं लाव!' शिवकाशीचा नवा छाप, ज्यावर सिनेमातली नटी किंवा बॅट उगारलेला क्रिकेटवाला असे, तो दहा घोड्यांच्या बरोबरीचा. सिगारेटच्या पाकिटांचा खेळही याच नियमाने चाले.

असाच खेळ सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत चालला होता, फक्त त्यांच्या कागदावर बेसबॉलचे खेळाडू होते. तिथेही हा कागद कशाच्या तरी सोबत फुकट यायचा : आधी सिगारेटच्या पाकिटात, मग च्युइंगमबरोबर. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६मध्ये पन्नास क्रिकेटपटूंची मालिका सिगारेटच्या पाकिटांतून दिली. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या तंबाखूच्या मालिकेत होनस वॅगनर या खेळाडूचं कार्ड फार थोडं छापलं गेलं; त्याला २०२२मध्ये साडेबहात्तर लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी मिकी मँटलच्या १९५२च्या कार्डाला १ कोटी २६ लाख डॉलर आले. या दुसऱ्या कार्डाची कथा मला विशेष जवळची आहे. काढणाऱ्या टॉप्स कंपनीकडे १९५२चा न खपलेला माल कोठारात पडून राहिला होता. १९६०मध्ये कंपनीच्या साय बर्जर यांनी तो होडीतून नेऊन अटलांटिक समुद्रात बुडवला. ज्यांनी कार्डं काढली त्यांनाच ती कचरा वाटली होती.

मग १९८०नंतर लोकांना किमती समजल्या आणि प्रत्येक घरात कार्डं जपून ठेवायला सुरुवात झाली. कंपन्यांनीही मुबलक छापली. ती कार्डं आज खोक्यांनी पडून आहेत, त्यांना विचारत कुणी नाही. सगळ्यांनी जपलेल्याला किंमत राहिली नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या डब्याचं कोडं उलगडलं. कोरेगावात डबा पुन्हा उघडून मी आत्याला विचारलं, रिकामी काडेपेटी तुम्ही काय करायचा? ती म्हणाली, "काय करायची? चुलीत. पातळ लाकूड, झटकन पेट घेती." आणि देवाची असली तर? "द्येव कसा चुलीत घालायचा? त्यो सोडवून ठिवायचा, न्हायतर वड्याला सोडायचा."

म्हणून लक्ष्म्या राहिल्या. जहाजं गेली.

आज संग्राहकांच्या बाजारात रविवर्म्याचे छाप, स्वीडनचे छाप, जपानचे छाप मोठ्या मानाने विकले जातात. ते सुंदर आहेत, मान त्यांना शोभतो. पण ते जपले गेलेले आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारली तर देवांच्या गठ्ठ्याखाली, रबर लावलेले, कुणी न निवडलेले साधे छाप पडलेले असतात. माझं मत असं की हातचे पैसे त्यांच्यावर घालावेत. एकाच छापाची सगळी रूपं गोळा करावीत. जहाज घ्या : शिडाच्या दोऱ्या कधी बारीक, कधी ठसठशीत, लाल रंग कधी विटकरीकडे झुकलेला, सरासरी काड्यांचा आकडा बदललेला, इंग्रजीच्या शेजारी देवनागरी अक्षरं आलेली. असे वीस छाप ओळीने लावले की एका कारखान्याची चाळीस-पन्नास वर्षं समोर उलगडतात. वीस वेगवेगळ्या देवांतून तसं काही उलगडत नाही.

आणि पुड्यावरचा मोठा छाप. डझनाच्या पुड्याला कागद गुंडाळून त्यावर एक मोठं चित्र लावत. तो कागद दुकानदार फाडायचा, गिऱ्हाइकापर्यंत पोचायचाच नाही. मुलांच्या डब्यांत तो नाही, देव्हाऱ्यात नाही, आणि म्हणून बहुतेक संग्रहांतही नाही. मामा कागद वाया घालवत नसत. पुड्याच्या वेष्टनाच्या पाठीवर उधारीचे आकडे मांडत. डब्याच्या तळाला असे तीन तुकडे निघाले. एका बाजूला चित्त्याशी लढणारा वीर, दुसऱ्या बाजूला मामांच्या तिरक्या अक्षरात घेवडा, गूळ, रॉकेल. या तीन तुकड्यांच्या बदल्यात मला कुणी स्वीडनचा सगळा संच दिला तरी मी घेणार नाही.

एक छाप मात्र डब्यात नाही, आणि त्याची रुखरुख आहे. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्याच साली निघालेलं मँटलचं कार्ड समुद्रात बुडवूनही शिल्लक राहिलं. खाशाबांचा एखादा छाप कोरेगावच्या रिंगणात असता तर मी शंभर नट्या देऊन घेतला असता.

डब्यातल्या शिवकाशीच्या चळतीकडे आता मी पूर्वीसारखा पाहू शकत नाही. आम्ही रिंगणात ज्या नव्या चित्रांसाठी भांडत होतो, त्या पेट्या भरणारे हात पुष्कळदा आमच्याच वयाचे होते. शिवकाशीतल्या बालमजुरीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये निकाल दिला तेव्हा ते सगळ्या देशाने वाचलं. मी त्या चळतीतला एकही छाप विकलेला नाही. वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत आणि पाकिटावर ते कुठे, कसे भरले गेले ते लिहून ठेवलं आहे.

छाप संपला तो लाकडाबरोबर. जुनी पेटी काटेसावरीसारख्या हलक्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, त्यावर निळा कागद आणि वर खळीने डकवलेला छाप. पुठ्ठ्याची पेटी आल्यावर चित्र थेट पुठ्ठ्यावरच छापू लागले. सोडवण्याजोगं काही राहिलं नाही. विमकोही २००५मध्ये आयटीसीकडे गेली. ही आयटीसी म्हणजे १९१०ची इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया. आणि क्रिकेटपटूंची कार्डं काढणारी विल्स याच इंपीरियलच्या घराण्यातली. सिगारेटचं कार्ड आणि काडेपेटीचा छाप असे शेवटी एका छपराखाली आले, दोन्ही बंद पडल्यावर.

गेल्या दिवाळीत रहिमतपूरला एक वाडा पाडत होते. आढ्याच्या खाचेत एक भरलेली काडेपेटी सापडली, कुणीतरी अडचणीला म्हणून ठेवून विसरलेली. गवंड्याने ती आत्याकडे पोचवली आणि तिने मला फोन केला. मी दुसऱ्या दिवशी गेलो. काड्यांची गुलं विरघळून एकमेकांना चिकटलेली, निळा कागद राखाडी पडलेला, वर जहाज. पूर्ण. चारही कडा शाबूत.

सवयीने मी छाप सोडवायला कोमट पाण्याची ताटली मागितली. आत्याने ती आणून पुढ्यात ठेवली आणि शेजारी बसली. मी पेटी हातात धरून राहिलो आणि पाणी निवून गेलं. मग ती तशीच, काड्यांसकट, छापासकट, रुमालात गुंडाळली आणि डब्यात त्या फाटक्या जहाजाशेजारी ठेवली.